पूल आणि इमारतींवरचे वायरलेस सेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुलांवर, इमारतींवर, मनोऱ्यांवर वायरलेस सेन्सर बसवून त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवता येतं, हे बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. ते नेमकं कसं चालतं, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, याबद्दल बांधकामाची जबाबदारी असलेले लोक, विद्यार्थी आणि या क्षेत्रात नव्याने आलेले इंजिनिअर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणजे नेमकं काय बसवलं जातं?

बांधकामावर ठिकठिकाणी लहान डबे बसवले जातात. अशा प्रत्येक डब्याला नोड म्हणतात. त्यात एक-दोन सेन्सर, सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप, छोटा प्रोसेसर, थोडी मेमरी, रेडिओ आणि बॅटरी एवढा सरंजाम असतो. नोड आपली मापं रेडिओवरून गेटवेकडे धाडतो. थेट पोहोच नसेल तर शेजारच्या नोडमार्फत. गेटवे ती मोबाइल नेटवर्कवरून किंवा केबलने सर्व्हरवर पोहोचवतो आणि खरं विश्लेषण तिथे होतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात वायरलेस पद्धतीने बांधकामांची कंपनं मोजण्याचे सुरुवातीचे प्रयोग केले. त्यानंतर चिपा स्वस्त होत गेल्या, बॅटऱ्या सुधारल्या आणि विषय प्रयोगशाळेतून पुलांवर आला.

तज्ज्ञ ठरावीक काळाने तपासणी करतातच. मग सेन्सर कशाला?

तपासणी लागतेच, तिला पर्याय नाही. अनुभवी तपासनीस काँक्रीटवरचा गंजाचा डाग पाहतो, हातोडीने ठोकून आवाजावरून पोकळी ओळखतो, कचऱ्याने तुंबलेला एक्स्पान्शन जॉइंट (पूल तापून लांबला तर जागा मिळावी म्हणून ठेवलेली फट) त्याच्या लगेच नजरेत भरतो. यातलं एकही काम सेन्सरला जमत नाही.

पण तपासनीस वर्षा-दोन वर्षांनी येतो, तेही बहुधा दिवसाउजेडी, हवा चांगली असताना. मध्यरात्री क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेला ट्रक गेला, वादळात पूल किती हलला, कडक उन्हात बेअरिंग, म्हणजे गर्डर ज्यावर टेकतो तो सरकता आधार, सरकलं की अडकून बसलं, हे पाहायला तिथे कुणीच नसतं. दोन भेटींच्या मधल्या काळाची नोंद सेन्सर ठेवतात. शिवाय सेन्सरने एखाद्या भागाकडे बोट दाखवलं, की पुढच्या तपासणीत आधी कुठे चढायचं हे ठरतं. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत. सेन्सर बसवले म्हणून तपासणीचा खर्च वाचवण्याचा विचार कुणी करत असेल, तर तो तिथेच थांबवलेला बरा.

पूल पडण्याआधी सेन्सर इशारा देतील ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं सरळ उत्तर असं : काही बिघाडांत देतील, काहींत देणार नाहीत.

अमेरिकेत मिनियापोलिस शहरातला आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला. १३ जण दगावले, १४५ जखमी झाले. चौकशीत निघालं, की पोलादी सांगाड्याचे भाग जिथे एकत्र येतात तिथल्या गसेट प्लेट मूळ आराखड्यातच पातळ होत्या; जवळपास निम्म्या जाडीच्या. त्यात त्या दिवशी दुरुस्तीच्या कामाचं साहित्य आणि यंत्रं पुलावर होती. पूल १९६७पासून वापरात होता आणि ती उणीव पहिल्या दिवसापासून त्याच्यात होती. अशा पुलावर कंपन मोजणारे सेन्सर लावले असते तर त्यांनी त्या कमकुवत पुलाचंच वागणं नेहमीचं म्हणून नोंदवलं असतं. कारण सेन्सर बदल दाखवतो. मुळातलीच चूक त्याला वेगळी दिसत नाही. त्याच ठिकाणी, त्या प्लेटवरच, स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो हे मोजणारा सेन्सर) असता तर गोष्ट वेगळी. पण तिथे तो लावायचा, हे सुचण्यासाठी आधी कुणीतरी त्या प्लेटचं गणित पुन्हा तपासायला हवं होतं.

दुसरं उदाहरण ओहायो नदीवरच्या सिल्व्हर ब्रिजचं. १५ डिसेंबर १९६७ रोजी तो पडला, त्यात ४६ जणांचा जीव गेला. पूल ज्या साखळीवर टांगलेला होता तिच्यातल्या एका आयबारला (टोकांना भोक असलेल्या पोलादी पट्टीला) सांध्याच्या आत जेमतेम अडीच मिलिमीटर खोल तडा होता. एवढ्याशा तड्याने सगळ्या पुलाच्या कंपनात मोजण्याजोगा फरक पडत नाही. आयबार तुटला तेव्हा भार घ्यायला दुसरा काही आधारच नव्हता.

याउलट हळूहळू वाढणारे बिघाड सेन्सर चांगले टिपतात : खांबाच्या पायथ्याची माती पाण्याने वाहून गेल्यामुळे येणारा कल, जाम झालेलं बेअरिंग, पूल तोलणारी पण ताण सोडत चाललेली केबल, आधीच माहीत असलेली आणि रुंदावणारी भेग. म्हणून नेटवर्क आखण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारायचा, की या बांधकामात आपल्याला भीती कशाची आहे? सेन्सर कोणता, किती आणि कुठे, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं. उत्तर नसताना विकत घेतलेले सेन्सर आकडे देत राहतात आणि ते आकडे कुणी उघडून पाहत नाही.

तारा ओढल्या तर काय बिघडतं?

बांधकाम नवं असेल आणि आराखड्यातच सेन्सरची सोय असेल तर काहीच बिघडत नाही. मिनियापोलिसला पडलेल्या पुलाच्या जागी सप्टेंबर २००८मध्ये नवा पूल खुला झाला, त्यात बांधतानाच ३००हून अधिक सेन्सर घातले. तारेतून वीजही मिळते, डेटा हरवत नाही आणि घड्याळ जुळवण्याची डोकेदुखी राहत नाही.

अडचण येते ती उभ्या असलेल्या, वापरात असलेल्या बांधकामावर. शेकडो मीटर केबल ओढायची म्हणजे पाइप, क्लिपा, मचाण, वाहतूक बंद ठेवण्याची परवानगी असं सगळं आलं. बऱ्याचदा सेन्सरपेक्षा केबल टाकण्याचाच खर्च मोठा होतो. पुढे केबल उंदीर कुरतडतात, उन्हाने तिचं आवरण तडकतं, कधी चोरीला जाते. अशा ठिकाणी वायरलेस कामाला येतं. थोड्या महिन्यांपुरतं लक्ष ठेवायचं असेल, उदाहरणार्थ शेजारी खोदकाम चालू असताना, तर वायरलेसला तोडच नाही; काम झालं की नोड काढून दुसरीकडे नेता येतात.

कोणते सेन्सर वापरतात?

कंपनासाठी अ‍ॅक्सिलरोमीटर. यात निवड जपून करावी लागते. वाऱ्याने आणि नेहमीच्या रहदारीने होणारी बांधकामाची कंपनं गुरुत्वीय त्वरणाच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहून कमी असू शकतात. स्वस्त सेन्सरची स्वतःची खरखर तेवढीच असेल तर सिग्नल तीत बुडून जातो. म्हणून किमतीआधी नॉइज डेन्सिटीचा, म्हणजे या खरखरीचा, आकडा बघायचा. सिग्नल आकड्यांत बदलण्यापूर्वी अँटी-अलायसिंग फिल्टर आहे का, हेही विचारायचं. तो नसेल तर जवळच्या एखाद्या पंपाचं वेगवान कंपन खोट्या मंद कंपनाच्या रूपात नोंदीत घुसतं आणि नंतर ते वेगळं काढता येत नाही.

ताणासाठी स्ट्रेन गेज. लांबीत दहा लाखाव्या भागाएवढा बदल म्हणजे एक मायक्रोस्ट्रेन. पोलादात १०० मायक्रोस्ट्रेन म्हणजे सुमारे २० मेगापास्कल ताण. एक मायक्रोस्ट्रेन मोजायचा म्हणजे ३५० ओहमच्या गेजमधला ०.०००७ ओहमचा फरक पकडायचा. इतक्या सूक्ष्म मापात तापमान फार गोंधळ घालतं : पोलाद १० अंशांनी तापलं की मोकळेपणी सुमारे १२० मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावतं. वाहनांमुळे येणारा आकडा पुष्कळदा याहून लहान असतो.

याशिवाय कल मोजणारे टिल्टमीटर, भेगेच्या दोन्ही कडांवर बसणारे क्रॅकमीटर, काँक्रीटमधल्या सळईचा गंज ओळखायला हाफ-सेल इलेक्ट्रोड. आणि तापमानाचा सेन्सर हवाच, प्रश्न कोणताही असो. तो सर्वांत स्वस्त असतो आणि त्याच्यावाचून बाकीच्यांचा अर्थ लागत नाही.

नुसत्या कंपनावरून नुकसान कसं ओळखतात?

प्रत्येक बांधकाम आपल्या ठरावीक वारंवारतांवर हलतं. या नैसर्गिक वारंवारता त्याचा ताठपणा आणि त्याचं वस्तुमान यांवर अवलंबून असतात. तंबोऱ्याची तार सैल झाली की सूर उतरतो, तसंच इथे ताठपणा घटला की वारंवारता उतरते. दहा मजली इमारत ढोबळमानाने सेकंदाला एकदा हेलकावते, म्हणजे १ हर्ट्झ. लांब झुलत्या पुलांची पहिली वारंवारता याच्या दहाव्या भागाएवढीही असू शकते.

मात्र हे नातं वर्गमुळाचं आहे. सबंध बांधकामाचा ताठपणा १० टक्के कमी झाला तरी वारंवारता सुमारे ५ टक्केच उतरते. आणि एका तुळईला भेग गेली म्हणून सबंध बांधकामाचा ताठपणा १० टक्के कमी होत नाही. फरक एखाद्या टक्क्याचा किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणून केवळ वारंवारता न पाहता कंपनाचा आकारही पाहतात, म्हणजे हलताना कोणता बिंदू किती आणि कोणत्या दिशेने सरकतो. नुकसान कुठे आहे याचा अंदाज त्या आकारातून बांधता येतो.

पूल तोलणाऱ्या केबलच्या बाबतीत ही पद्धत फार छान चालते. केबलची लांबी, दर मीटरचं वजन आणि वारंवारता माहीत असेल तर तिच्यातला ताण थेट काढता येतो. केबलवर तोललेल्या पुलांवर वायरलेस नोडचा हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपयोग आहे.

म्हणजे वारंवारता उतरली की नुकसान झालं असं समजायचं?

मुळीच नाही. इथेच बहुतेक जण फसतात.

स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ नावाचा काँक्रीटचा पूल होता. तो पाडायचं ठरलं तेव्हा संशोधकांनी संधी साधली. पाडण्यापूर्वी जवळपास वर्षभर त्याची कंपनं आणि तापमान मोजलं, आणि शेवटी १९९८मध्ये त्याला मुद्दाम, टप्प्याटप्प्याने इजा केली : एक खांब खचवला, काँक्रीटला दाबून धरणाऱ्या प्रीस्ट्रेसिंगच्या तारा कापल्या. वर्षभराच्या नोंदीत दिसलं, की पुलाला धक्काही लागलेला नसताना केवळ ऋतुमानाने त्याच्या वारंवारता १० टक्क्यांहून जास्त बदलल्या. थंडीत पारा शून्याखाली गेला की त्या एकदम चढत. डांबराचा थर गारठून ताठ होतो आणि पुलाला जणू आणखी एक स्लॅब मिळतो, हे त्याचं कारण. हवामानाने होणारा हा बदल इजेमुळे झालेल्या बदलापेक्षा मोठा होता.

यावरून शिकायचं ते एवढं, की निदान एक वर्ष, सगळे ऋतू, बांधकामाचं नेहमीचं वागणं नोंदवल्याशिवाय इशाऱ्याची पातळी ठरवू नये. तापमानामुळे अपेक्षित असलेला बदल आधी गणितातून वजा करायचा आणि उरलेल्या फरकावर लक्ष ठेवायचं. आर्द्रता, वारा, वाहनांची गर्दी यांचाही हिशेब त्यातच येतो. बसवल्यावर महिनाभरात निकाल मागणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण इथे घाई करून चालत नाही.

नोड किती लागतात आणि कुठे बसवायचे?

संख्येला स्वतःचा असा अर्थ नाही. दक्षिण कोरियातल्या जिंदो पुलावर २००९मध्ये ७० नोड बसवले, पुढच्या वर्षी ते ११३ झाले. तो संशोधनाचा मोठा प्रकल्प होता. एखाद्या इमारतीच्या कलावर लक्ष ठेवायला चारही पुरतात.

जागेची चूक मात्र महागात पडते. दोन टोकांना टेकलेल्या साध्या गर्डरचं पहिलं कंपन मध्यावर सर्वांत मोठं असतं, म्हणून सगळे जण नोड मध्यावर लावतात. पण दुसऱ्या प्रकारच्या कंपनात तोच मध्यबिंदू स्थिर राहतो, तिथल्या नोडला काहीच जाणवत नाही. पाव अंतरावर लावलेला नोड दोन्ही कंपनं पाहतो. यासाठी आधी संगणकावर ढोबळ मॉडेल करून कंपनांचे आकार काढायचे आणि मग जागा नक्की करायच्या. नोडपर्यंत माणसाचा हात पोहोचतो का, हेही बघा. बॅटरी बदलायला दर वेळी क्रेन लागणार असेल तर ती जागा गणितात कितीही उत्तम ठरली तरी सोडून द्यावी.

सेन्सर चिकटवणं एवढं अवघड काम आहे का?

अवघड नाही, पण चिकाटीचं आहे. पोलादावर स्ट्रेन गेज लावायचा तर आधी रंग आणि गंज घासून चकचकीत धातू उघडा करायचा. मग बारीक पॉलिश पेपर, मग अ‍ॅसिटोनने पुसणं. कापसाचा बोळा एकाच दिशेने फिरवायचा आणि दर वेळी नवा घ्यायचा, नाहीतर आधी पुसलेलं तेलच पुन्हा पसरतं. बोळा पांढराशुभ्र निघेपर्यंत हे चालतं. नंतर गेज टेपवर उलटा धरून खुणेच्या रेषेवर आणायचा, सायनोअ‍ॅक्रिलेटचा एक थेंब सोडायचा आणि अंगठ्याने मिनिटभर दाबून धरायचं. अंगठ्याची ऊब त्या गोंदाला मदत करते. शेवटी तारा झाळून त्यावर पाण्यापासून बचाव करणारा थर द्यायचा.

गेज दोन-तीन अंशांनी तिरका बसला तर चालून जातं, पण गोंदाखाली हवेचा बुडबुडा राहिला तर पुढची सगळी मापं हळूहळू सरकत जातात आणि बांधकामच खचतंय असा भास होतो. अ‍ॅक्सिलरोमीटरलाही हाच नियम : डबा लोंबता किंवा पातळ पत्र्यावर असेल तर तुम्ही पुलाऐवजी पत्र्याचं कंपन मोजत असता. या कामासाठी अर्धा दिवस जास्त द्यावा लागला तरी द्या.

बॅटरी किती टिकते?

आकडा करून पाहू. लिथियम थायोनिल क्लोराइडच्या मोठ्या सेलची क्षमता १९ अँपिअर-अवरच्या आसपास असते. नोड सतत जागा, रेडिओ चालू, २० मिलिअँपिअर खर्च धरला तर ९५० तास, म्हणजे जेमतेम ४० दिवस. तोच नोड बहुतेक वेळ झोपलेला राहिला आणि सरासरी खर्च ०.२ मिलिअँपिअरवर आला तर कागदावर जवळजवळ ११ वर्षं. प्रत्यक्षात सेल आपोआपही थोडा झिजतो, थंडीत कमी देतो, त्यामुळे कागदावरच्या आकड्याचा भरवसा धरू नका. एकूण खेळ झोपेचा आहे.

पण झोपलेल्या नोडला भूकंपाचा धक्का कसा कळणार? यावर दोन उपाय आहेत. एक, अगदी कमी विजेवर चालणारा सेन्सर सतत जागा ठेवून शेवटचे काही सेकंद मेमरीत फिरते ठेवायचे, म्हणजे जाग येण्याआधीचा भागही हाती राहतो. दुसरा, एक-दोन नोड पहाऱ्याला ठेवायचे आणि त्यांनी गरज पडल्यावर बाकीच्यांना उठवायचं. पहारेकऱ्यांना सौर पॅनेल द्यावं. कंपनातून वीज मिळवण्याचेही प्रयोग झाले आहेत, पण बांधकामांची कंपनं मंद आणि लहान असल्याने त्यातून येणारी वीज फारच थोडी भरते.

सगळ्या नोडची घड्याळं जुळवण्यावर एवढा भर का?

कारण कंपनाचा आकार काढायचा तर कोणता बिंदू कोणत्या क्षणी कुठे होता हे एकाच घड्याळाने कळावं लागतं. नोडचं घड्याळ ज्यावर चालतं तो साधा क्रिस्टल दहा लाखांत २० भागांनी चुकतो. हे ऐकायला नगण्य वाटतं, पण दिवसाला १.७ सेकंद होतात. आता ५ हर्ट्झचं कंपन घ्या. त्याचं अर्धं आवर्तन ०.१ सेकंदात पुरं होतं. दोन नोडच्या घड्याळांत ०.१ सेकंदाचा फरक पडला की एकाच दिशेने हलणारे दोन बिंदू उलट दिशांना हलताना दिसतात. नुकसान नसताना नुकसान दिसायला एवढं पुरेसं आहे.

उपग्रहाकडून वेळ घेता येते, पण पुलाच्या पोटात किंवा तळघरात आकाश दिसत नाही. म्हणून नोड आपसांत वेळेचे संदेश फिरवतात आणि स्वतःचं घड्याळ किती वेगाने भरकटतंय याचा हिशेब ठेवून दुरुस्त करतात. २००४मध्ये मांडल्या गेलेल्या एफटीएसपी या पद्धतीने काही मायक्रोसेकंदांपर्यंत अचूकता मिळू लागली. नोड विकत घेताना विक्रेत्याला घड्याळाच्या अचूकतेबद्दल विचारा. फक्त कल किंवा भेग मोजायची असेल तर मात्र एखाद्या सेकंदाच्या चुकीने काही अडत नाही.

रेडिओचे संदेश वाटेत हरवत नाहीत का?

हरवतात. पोलादी गर्डर लहरी अडवतात आणि परतवतात, काँक्रीट त्या शोषून घेतं, पावसात पोहोच बदलते, मोठं वाहन मध्ये आलं तरी फरक पडतो. म्हणून पोच मागणं आणि हरवलेला भाग पुन्हा मागवणं ही सोय नेटवर्कमध्ये असावीच लागते.

हे किती जड जातं त्याचं प्रसिद्ध उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं आहे. २००६मध्ये बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे ६४ नोड बसवले. लांबट पुलावर ते एका ओळीतच येणार, त्यामुळे शेवटच्या नोडचा संदेश ४६ उड्या मारत गेटवेपर्यंत यायचा. रेडिओचा कागदावरचा वेग सेकंदाला सुमारे ३१ हजार बाइट. ४६ उड्यांनंतर हाती पडत होते सेकंदाला ४४१ बाइट. या वेगाने २० मेगाबाइट गोळा करायला साडेबारा तास लागतात. त्या काळच्या साधनांनी हे साधलं हेच मोठं काम होतं. आज कुणी अशा पुलासाठी आराखडा करत असेल, तर एक लांब ओळ करण्यापेक्षा दोन-तीन गेटवे ठेवून उड्या कमी करणं शहाणपणाचं.

झिगबी, लोरा, वाय-फाय या रेडिओ पद्धतींपैकी काय घ्यावं?

दिवसातून काही वेळा कल, भेग, तापमान यांचे आकडे पाठवायचे असतील तर लोरा. पोहोच काही किलोमीटर, बॅटरी टिकते, पण एका संदेशात थोडेच बाइट मावतात आणि ते सावकाश जातात. सेकंदाला शंभर नमुन्यांचं कंपन लोरावरून पाठवण्याचा नाद करू नये. त्यासाठी झिगबी ज्या मानकावर उभं आहे त्या ८०२.१५.४ वर चालणारे, २.४ गिगाहर्ट्झचे नोड बरे. वाय-फायचा वेग भरपूर, पण भूकही तेवढीच. जवळ विजेची सोय असेल तरच.

सगळा डेटा पाठवायचा की नोडवरच गणित करायचं?

तीन दिशांना, सेकंदाला १०० नमुने, प्रत्येकी २ बाइट : दिवसाला एका नोडचे जवळपास ५२ मेगाबाइट होतात. हे सगळं रेडिओवरून पाठवलं तर बॅटरी फार दिवस टिकत नाही. म्हणून नोडवरच वारंवारता काढून फक्त निष्कर्षाचे काही बाइट पाठवण्याकडे कल आहे, कारण गणित करण्यापेक्षा बोलण्यालाच वीज जास्त लागते.

तरीही पहिलं वर्ष शक्य तितका कच्चा डेटा जपावा, असं माझं ठाम मत आहे. रोज तासभराचा का होईना. नंतर शंका आली की निष्कर्षांवरून मागे जाता येत नाही, कच्च्या नोंदीवरून जाता येतं.

सेन्सरच बिघडला तर बांधकाम बिघडल्यासारखं दिसेल?

दिसेल, आणि हे वरचेवर होतं. बॅटरी उतरत आली की मापं भरकटतात, डब्यात पाणी शिरतं, गोंद सुटतो. ओळखण्याचा पहिला मार्ग म्हणजे शेजाऱ्यांकडे पाहणं. खरा बदल सहसा एकट्या सेन्सरला दिसत नाही. आजूबाजूच्यांनाही तो कमी-अधिक जाणवतो. म्हणून महत्त्वाच्या जागी एक सेन्सर जास्तीचा ठेवतात आणि प्रत्येक संदेशासोबत बॅटरीचा व्होल्टेजही पाठवतात.

मशीन लर्निंगने हे सगळं आपोआप होईल का?

नेहमीचं वागणं शिकून त्याहून वेगळं काही दिसलं की खूण करणं, एवढं काम ते चांगलं करतं. पण नुकसानीचे नमुने शिकवायचे तर नुकसान झालेल्या बांधकामांचा डेटा लागतो आणि तो जगात फार थोडा आहे. झेड-२४ची नोंद आजही अभ्यासली जाते ती त्यामुळेच. एका पुलावर शिकलेलं मॉडेल दुसऱ्या पुलावर जसंच्या तसं चालत नाही. नुकसान आहे का, कुठे आहे, किती आहे आणि आयुष्य किती उरलं, या चार पायऱ्यांपैकी पहिलीवर यंत्र बऱ्यापैकी मदत करतं. शेवटचीवर अजून इंजिनिअरचं डोकंच लागतं.

जुन्या वारसा वास्तूंवर हे लावता येतं का?

येतं, आणि तिथे वायरलेसची खरी गरज असते, कारण भित्तिचित्रांवरून केबल नेण्याची कल्पनाच नको. इटलीत त्रेंतो शहरातल्या तोरे आक्विला या मध्ययुगीन मनोऱ्यात असं नेटवर्क बसवलं होतं. मनोऱ्यात मौल्यवान भित्तिचित्रं आहेत आणि जवळून रस्त्याचा बोगदा जाणार होता, म्हणून कंपनं आणि हालचाल दोन्ही मोजायची होती. अशा ठिकाणी नोडचा आकार, रंग, आणि चिकटवलेलं नंतर खुणेशिवाय निघेल का, यांना अचूकतेइतकंच महत्त्व असतं. दगडी बांधकाम ओल आणि उन्हाने बरंच हलतं, त्यामुळे आधीची नोंद इथे वर्षाहून जास्त काळाची असलेली चांगली.

मोबाइल फोनच्या सेन्सरने काम भागेल का?

शिकायला उत्तम. पादचारी पुलावर फोन ठेवून चालण्याने होणारं कंपन पाहता येतं. मजबूत इमारतीची मंद हालचाल मात्र फोनच्या सेन्सरच्या खरखरीत हरवते, आणि त्यावरून इमारत सुरक्षित आहे असा निष्कर्ष कुणी काढू नये.

कुणी नेटवर्कमध्ये घुसून खोटे आकडे दिले तर?

शक्यता खरी आहे. संदेश एन्क्रिप्ट केलेले असावेत, प्रत्येक नोडची किल्ली वेगळी असावी आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. शिवाय नोडमधून पुलाचं गेट बंद होण्यासारखी कृती थेट घडू देऊ नका. मध्ये माणूस असू द्या.

इशारा आला तर कुणी काय करायचं?

हे नेटवर्क चालू होण्याआधी लिहून ठेवावं लागतं. सहसा दोन पातळ्या ठेवतात. पहिली ओलांडली की अभियंत्याने ठरलेल्या वेळात डेटा पाहायचा, शेजारचे सेन्सर आणि तापमान तपासायचं, गरज वाटली तर जागेवर माणूस पाठवायचा. दुसरी ओलांडली की आधी भार कमी करायचा किंवा रहदारी थांबवायची, कारण मागाहून शोधायचं. दुसऱ्या पातळीचा अधिकार कुणाकडे आहे, रात्री दोन वाजता फोन कुणाला जाणार, आणि तो माणूस रजेवर असेल तर पुढचा कोण, ही नावं कागदावर हवीत. वर्षातून एकदा खोटा इशारा देऊन ही साखळी खरंच चालते का ते पाहावं. खोट्या इशाऱ्यांची संख्या वाढली तर पातळी वर सरकवून मोकळं होऊ नका; आधी कारण शोधा. लोक इशारे दुर्लक्षायला शिकले की ती सवय मोडणं नवा सेन्सर बसवण्यापेक्षा पुष्कळ कठीण जातं.

सुरुवात छोटी करायची असेल तर?

एकच भीती निवडा. समजा एका खांबाच्या पायथ्याशी माती वाहून जाते आहे. त्या खांबावर दोन टिल्टमीटर, शेजारच्या धडधाकट खांबावर तुलनेसाठी एक, तापमानाचे सेन्सर, पाण्याची पातळी मोजणारा एक, आणि एक गेटवे. तासाला एक माप. बसवताना प्रत्येक सेन्सरचा फोटो, दिशा, क्रमांक आणि तारीख नोंदवा. दोन वर्षांनी नव्या माणसाला "एक्स" दिशा नदीकडे की रस्त्याकडे, हे त्यातूनच कळतं. वर्ष पुरं झाल्यावर कागदावर तापमान आणि कल शेजारी मांडून बघा. ते दोन्ही एकत्र चढत-उतरत असतील आणि वर्षाअखेर कल मूळ जागी येत असेल, तर खांब सध्या स्थिर आहे. मूळ जागी येत नसेल आणि फरक पुराच्या दिवसांतच पडलेला असेल, तर पाणबुड्याला पायथ्याशी पाठवण्याची वेळ झाली आहे.